तिसऱ्या मुलाची जागा

दरवर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी गोव्याच्या रस्त्यांवर एकच दृश्य दिसते. पणजी, मडगाव, वास्को येथे नोकरीधंद्यानिमित्त राहणारी कुटुंबे पेडणे, डिचोली, सत्तरी, काणकोण येथील आपापल्या मूळ घरांकडे निघालेली असतात. डिकीत माटोळीचे सामान, नारळ आणि कपड्यांच्या बॅगा खच्चून भरलेल्या असतात. स्टिअरिंगवर घरचा कर्ता, शेजारी त्याची पत्नी आणि तिच्या मांडीवर वर्षभराचे तान्हे मूल. मागे आजी. तिच्या एका बाजूला पाच वर्षांची थोरली, दुसऱ्या बाजूला तीन वर्षांचा पुतण्या. थोरली दोन सीटांच्या फटीत उभी राहून वडिलांशी बोलत असते. पुतण्याचे अर्धे अंग खिडकीबाहेर असते. घर एकत्र राहिले नसले तरी सणाला माणसे एकत्र येतात, याचा आनंद त्या गाडीतून ओसंडत असतो. तो पाहून कोणाही गोमंतकीयाचे मन भरून यावे. आमचेही येते. परंतु त्याच क्षणी आमच्या मनात एक प्रश्नही उभा राहतो : ही गाडी पुढच्या वळणावर कशावर आदळली, तर या तीन मुलांचे काय होईल?

प्रश्न अशुभ आहे खरा. सणाच्या तोंडावर तो विचारू नये असे कोणी म्हणेल. पण अशुभ उच्चारल्याने घडत नाही आणि न उच्चारल्याने टळत नाही. तेव्हा हिशेब मांडलेलाच बरा. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार अडथळ्यावर आदळून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर १० किलो वजनाचे मूल सुमारे २०० किलोच्या जोराने पुढे फेकले जाते. एवढा भार हातांनी धरून ठेवील अशी माता या पृथ्वीतलावर नाही. तिच्या मायेत काही उणे आहे म्हणून नव्हे. पदार्थविज्ञानाचा नियम माया जाणत नाही, एवढेच त्याचे कारण. आईनेही पट्टा बांधलेला नसेल, तर तिच्याच देहाचा भार त्या बाळावर येतो. ज्या मांडीला आपण जगातील सर्वांत सुरक्षित जागा मानतो, तीच अशा क्षणी सर्वांत घातक ठरते.

मागे बसले की भय नाही, हा दुसरा समज. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मोटार अपघातात मृत्यू झाला, तेव्हा ते मागील आसनावर बसलेले होते आणि त्यांनी पट्टा बांधलेला नव्हता. त्यानंतर काही दिवस देशभर पट्ट्याची चर्चा झाली. पुढे ती आपल्याकडील सर्व चर्चांच्या वाटेने गेली. मुलांचा विषय तर त्या चर्चेत फारसा आलाच नाही.

कायदा नाही असे नव्हे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिच्या १९४-ब या कलमानुसार १४ वर्षांखालील मुलास सुरक्षा पट्टा किंवा मुलांसाठीचे खास आसन यांनी बांधल्याविना मोटार चालविल्यास १,००० रुपये दंड आहे. पण या कलमातील ‘किंवा’ हा शब्द फार सैल आहे. मोटारीतील पट्टा प्रौढ माणसाच्या मापाने बेतलेला असतो. तो तीन वर्षांच्या मुलाला बांधला, तर वरचा पट्टा गळ्यावर येतो आणि खालचा मांड्यांच्या सांध्यावर न बसता मऊ पोटावर चढतो. कायद्याचे समाधान झाले. मुलाचे रक्षण झाले असे म्हणवत नाही. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याच्या अंदाजाप्रमाणे, मुलांसाठीच्या आसनामुळे मोटारीतील तान्ह्या मुलांच्या मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी, तर एक ते चार वर्षांच्या मुलांचा ५४ टक्क्यांनी कमी होतो. ज्याला आपल्याकडे दुकानदार ‘बेबी सीट’ म्हणतात, ते श्रीमंतांचे खेळणे नव्हे, एवढे यावरून पटावे.

आता खरी अडचण येते. आपल्या कुटुंबाला ही गोष्ट पटली, असे धरून चालू. तान्ह्यासाठी मागे तोंड असलेली सीट, पुतण्यासाठी पुढे तोंड असलेली, थोरलीसाठी उंची वाढविणारी बैठक, ज्यामुळे मोटारीचा पट्टा तिच्या खांद्यावर नीट येईल. तिन्ही विकत आणल्या. घरी येऊन मागच्या बाकावर मांडावयास घेतल्या, आणि तिसरीला जागाच नाही!

याचे कारण साधे गणित आहे. युरोपात रूढ असलेल्या नव्या नियमावलीतील सर्वसाधारण सीटची रुंदी ४४ सेंटिमीटरपर्यंत असू शकते. अशा तिघींना १३२ सेंटिमीटर लागतात. आपल्याकडील पुष्कळशा छोट्या मोटारींत दारापासून दारापर्यंत जागा सव्वा मीटरच्या आसपास, थोड्या मोठ्या गाडीत त्याहून चार बोटे अधिक. पंगतीला अडीच पाटांची जागा आणि पाट मांडायचे तीन, असा हा प्रकार. त्यातही सीट पक्की अडकविण्याचे जे लोखंडी आकडे असतात, ते बहुतेक गाड्यांत खिडकीलगतच्या दोनच जागांना असतात. मधली जागा पट्ट्यावर विसंबून, आणि अनेक जुन्या गाड्यांत तो पट्टाही केवळ कमरेपुरता. कमरेच्या पट्ट्यावर उंची वाढविणारी बैठक चालत नाही. म्हणजे तिसऱ्या मुलाची अडचण केवळ रुंदीची नाही. मधल्या जागेला मोटारीने मुळातच दुय्यम लेखले आहे.

आणि मोटारीनेच का? शासनानेही तेच केले आहे. मोटारींची सुरक्षितता तपासणारी ‘भारत एनकॅप’ ही व्यवस्था १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली, याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु त्या चाचणीत मुलांच्या बाहुल्या बसवितात त्या दोन : एक दीड वर्षाच्या मुलाएवढी, दुसरी तीन वर्षांच्या मुलाएवढी. तिसरे मूल त्या चाचणीत नाही. करप्रणालीचेही तसेच. चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या छोट्या मोटारींना करात सवलत आहे. लांबी मोजतात, इंजिनाची क्षमता मोजतात. मागच्या बाकाची रुंदी मात्र कोणीही मोजत नाही. मग कारखानदाराने ती का वाढवावी?

यावर कोणी म्हणेल, गोव्यात आता तीन मुले कोणाला आहेत? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत गोव्याचा एकूण जननदर अवघा १.३ निघाला. हे खरे. परंतु आमच्या बाकावर बसणारी तीन मुले एकाच आईची असावी लागत नाहीत. चुलतभावंडे, मामेभावंडे, शेजारची मुले, शाळेत पाळीपाळीने सोडावयाची चार घरची मुले, अशी आमची बैठक असते. कुटुंब लहान झाले म्हणून गाडी रिकामी झाली असे नाही. उलट मुले थोडी असल्यानेच सणासुदीला ती एकत्र यावीत असे आजी-आजोबांना अधिक वाटते.

या बाबतीत इतर देशांचा अनुभव बोधप्रद आहे. अमेरिकेतील टेनेसी राज्याने १९७७ साली मुलांसाठी असा कायदा प्रथम केला. पण त्यात एक पळवाट होती. मूल मोठ्या माणसाच्या मांडीवर असेल तर चालेल, असे ते कलम होते. त्याला टीकाकारांनी मुले चिरडणारे कलम असे नाव दिले, आणि १९८१ साली ते रद्द झाले. १९८५ पर्यंत अमेरिकेतील सर्व राज्यांनी असे कायदे केले. ब्रिटनने तर तिसऱ्या मुलाचा विचार नियमातच केला आहे. मागे दोन सीटा बसल्या आणि तिसरीला जागा उरली नाही, तर तीन वर्षांवरील मुलाने मोठ्यांचा पट्टा बांधून मागे बसावे. तीन वर्षांखालील मुलाला मात्र सीट हवीच, मागे मावत नसेल तर ती पुढे बसवावी. नियम आदर्श नाही, परंतु प्रामाणिक आहे. जागा नसते हे तो मान्य करतो आणि मग कोणाला आधी वाचवायचे ते सांगतो.

या कायद्यांची दुसरी बाजूही लपविता कामा नये. जॉर्डन निकरसन आणि डेव्हिड सॉलोमन या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतील आकडेवारी तपासून असा निष्कर्ष काढला की, २०१७ या एका वर्षात या कायद्यांनी अपघातातील ५७ बालमृत्यू टाळले, पण त्याच वर्षी सुमारे ८,००० मुले जन्मालाच आली नाहीत. दोन लहान मुले असलेल्या घराला तिसऱ्यासाठी मोठी गाडी घ्यावी लागते, हे त्याचे कारण ते देतात. काहींनी या आकड्यांचा आधार घेऊन कायद्यालाच दोष दिला. आम्हांस ते मान्य नाही. जन्मलेल्या मुलाचा मृत्यू आणि न जन्मलेल्या मुलाचा अभाव या एका तराजूत तोलण्याच्या गोष्टी नव्हेत. परंतु त्यातून निघणारा धडा मोलाचा आहे. कायद्याने मुलाच्या रक्षणाची सक्ती केली आणि मोटारीने त्यासाठी जागा दिली नाही, तर त्या दोहोंमधील भुर्दंड कुटुंबाच्या माथी बसतो. कायदा सैल करणे हा त्यावर उपाय नव्हे. मोटार रुंद करणे हा आहे.

तोवर घरच्या माणसांनी काय करावे? काही गोष्टी आजही हाती आहेत. सीट घेण्यापूर्वी बाक मोजावा, आणि शक्य तर तिन्ही सीटा आपल्या गाडीत मांडून पाहूनच पैसे द्यावेत. मागे तोंड असलेल्या आणि पुढे तोंड असलेल्या सीटांचा रुंद भाग वेगवेगळ्या उंचीवर येतो. त्या शेजारी शेजारी ठेवल्या तर एकमेकींत सामावतात. आकड्यांनी जखडलेली सीट जागची हलत नाही, पण पट्ट्याने बांधलेली थोडी दाराकडे सरकविता येते. कित्येकदा तेवढ्याने तिसरी मावते. मोठ्या मुलाची बैठक अरुंद असते, मात्र तिच्याखाली पट्ट्याचे बक्कल दबू नये. सर्व मांडून झाल्यावर प्रत्येक सीट पट्टा जातो तेथे धरून हलवून पाहावी. ती इंचाहून अधिक हलता कामा नये. शेजारणीच्या रेट्याने घट्ट बसलेली सीट ही घट्ट बसलेली नव्हे. आणि चालू एअरबॅगसमोर मागे तोंड असलेली सीट पुढे कधीही ठेवू नये.

हे सारे करूनही एक प्रश्न उरतो. तीन मुले मागे बसली तर आजी कोठे बसणार? पाच जणांच्या गाडीत सहा माणसे घालण्याची कला आपण एवढी आत्मसात केली आहे की, हा प्रश्न आजवर कोणी विचारलाच नाही. त्याचे उत्तर कडू आहे : दोन फेऱ्या कराव्यात, नाहीतर कोणा मोठ्याने बसने जावे. सणाच्या दिवशी कर्त्या पुरुषाने कदंबच्या बसने मूळ घरी पोचावे यात कमीपणा कसला? आणि ज्यांच्याकडे मोटारच नाही त्यांचे काय, असे विचारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, चार वर्षांखालील मुलाला दुचाकीवर नेताना हेल्मेट आणि चालकाशी बांधणारा पट्टा १५ फेब्रुवारी २०२३ पासून सक्तीचा आहे. तेथेही अंमलबजावणीची बोंबच आहे. गरिबाच्या मुलाला संरक्षण मिळत नाही, म्हणून मध्यमवर्गीयाच्या मुलालाही मिळू नये, हा समतेचा अर्थ नव्हे.

शासनाकडे आमच्या मागण्या पाच आहेत. कोणत्या वयाच्या व उंचीच्या मुलाला कोणती सीट, हे कायद्याने स्पष्ट करावे आणि तिसऱ्या मुलासंबंधी निःसंदिग्ध नियम करावा. मागच्या बाकावर तीन सीटा बसतात की नाही, हे प्रत्येक मोटार कारखानदाराने जाहीर करावे, आणि त्याला चाचणीत गुण असावेत. अशा सीटांवरील कराचा बोजा कमीत कमी असावा. बाळ मोठे झाले की सीट निरुपयोगी होते, तेव्हा सरकारी प्रसूतिगृहांतून त्या मुदतीने वापरावयास द्याव्यात. आणि दाबोळी व मोप येथून प्रवासी नेणाऱ्या टॅक्सींनी मागणी केल्यास सीट पुरवावी. परदेशातून सुट्टीवर येणारा गोमंतकीय तेथे मुलाला सीटशिवाय एक मैलही नेत नाही. येथे विमानातून उतरताच त्याच मुलाला मांडीवर घेऊन निघतो. मूल तेच, जीवही तोच. बदलते ती केवळ आपली सवय.

सवयी कायद्याने बदलतात, पण उशिरा. घरातल्या वडीलधाऱ्यांनी मनावर घेतले तर लवकर बदलतात. यंदा गणपतीला मूळ घरी निघण्याआधी आजीने एवढेच म्हणावे, “मुलांना आधी बसवा, उरलेल्या जागेत आम्ही बसू. नाही उरली तर मागून येऊ.” देव्हाऱ्यापुढे तिन्ही नातवंडे सुखरूप उभी राहिलेली पाहण्यासाठी एवढा उशीर तिला खचितच जड जाणार नाही.