आभाळावर ढकलू नका

दसरा झाला की मराठवाड्यातल्या भूम तालुक्यातल्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बाजरीचं पोतं, पत्र्याची पेटी, कोपीसाठी बांबू, पाय बांधलेली कोंबडी आणि वर लेकरं. मुकादमाची उचल आधीच दवाखान्यात नाहीतर सोयरिकीत गेलेली असते. मागं ओट्यावर म्हातारी उरते, शेळ्या सांभाळायला.

"पाऊसच नाही, त्याला कोण काय करणार?" असं शहाणी माणसंही म्हणतात. मला ते पटत नाही. 600 मिलिमीटर पाऊस झाला तर एका हेक्टरावर 60 लाख लिटर पाणी उतरतं. तेवढ्यात उडीद, तूर, ज्वारी निघते. मोकाट पाण्यावरचा ऊस मात्र हेक्टरी दोन कोटी लिटर पितो. म्हणजे तीन हेक्टरांवरच्या पावसाहून जास्त. राज्याच्या 2009च्या भूजल कायद्यानं शेतीसाठी 60 मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई आहे. तरी या उसासाठी बोअरच्या गाड्या पाचशे-सातशे फूट भोकं पाडत दिवसाढवळ्या फिरतात. शेजारच्या गरिबाची विहीर दिवाळी सरता सरता तळ गाठते आणि त्याच्या हातात कोयता येतो.

ऊस लावणाऱ्याला मी दोष देत नाही. उसाला एफआरपी, म्हणजे किमान दर, कायद्यानं बांधलेला आहे, सोयाबीन मात्र अनेकदा हमीभावाखाली विकावं लागतं. कर्जदार माणूस खात्रीचंच पीक धरणार.

लोक दुसरं उत्तर देतात ते कृष्णेचं पाणी मराठवाड्यात आणणाऱ्या कृष्णा-मराठवाडा योजनेचं. ते पाणी आलंच पाहिजे. भूमचा बराचसा पाऊस बाणगंगेतून सीनेत, सीनेतून भीमेत आणि शेवटी कृष्णेतच जातो. त्या खोऱ्यातला वाटा मागणं ही भीक नव्हे. पण योजनेच्या 23.66 टीएमसीपैकी पहिल्या टप्प्यात 7 टीएमसीच. ते कुणाच्या रानात जाणार, हे आत्ताच ठरलं नाही तर पाइपाच्या तोंडाशी पुन्हा ऊसच उभा राहील.

वाटणीची रीत महाराष्ट्राला माहीत आहे. विलासराव साळुंखे यांनी सत्तरच्या दशकात पुरंदरच्या नायगावात पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीवर नव्हे, माणशी अर्ध्या एकराच्या हिशेबानं; भूमिहीनालाही वाटा, आणि उसाला बंदी. भूमच्या ग्रामसभांनी असा ठराव करावा आणि कायदा राबवणाऱ्यांनी त्यांच्या पाठीशी उभं राहावं.

हा तालुका खव्याचा आहे. दोन म्हशींना प्यायला दिवसाला दीडशे लिटर पाणी पुरतं, वर थोडा हिरवा चारा. तेवढं उन्हाळाभर टिकलं, तर त्या घरची बाई कारखान्याच्या फडात मोळ्या वाहण्याऐवजी सकाळी आपल्याच गावच्या भट्टीवर दूध घालायला जाईल.