रिक्षा तिच्या नावावर, हिशोब कुणाच्या हातात?

वस्तीतल्या एका बैठकीत नव्याने रिक्षा चालवायला लागलेली एक मैत्रीण म्हणाली, "ताई, गाडी माझ्या नावावर आहे, चालवते मी, पण पैसे भरायचा कोड ह्यांच्या खात्याचा लावलाय. प्रवासी मला पैसे देतात आणि वाजतो ह्यांचा फोन." सगळ्याजणी हसल्या. मग एकदम गप्प झाल्या. कारण दुकान असो, पिठाची गिरणी असो की रिक्षा, 'नाव बाईचं आणि गल्ला बुवाचा' हा अनुभव त्या खोलीत बहुतेकींच्या घरचाच होता.

बाईच्या हातात चाक आलं की वर्तमानपत्रात फोटो येतो. 'पहिली महिला' म्हणून सत्कार होतो, शाल-श्रीफळ मिळतं. पण या 'पहिल्या' बायकांच्या पुढची वाट किती रेंगाळते ते पाहा. १९७४ च्या सुमाराला पुण्याच्या टेल्को कंपनीने इंजिनियर हवेत अशी जाहिरात दिली आणि 'स्त्रियांनी अर्ज करू नयेत' असं त्यातच छापलं. सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला, तेव्हा त्या कारखान्याचं दार उघडलं. परभणीहून पुण्याला आलेल्या शीला डावरे यांनी १९८८ साली रिक्षा चालवायला सुरुवात केली. त्यानंतर राज्य सरकारला रिक्षा परवान्यांत बायकांसाठी पाच टक्के जागा राखून ठेवायला २०१६ साल उजाडलं. मध्ये अठ्ठावीस वर्षं गेली! एसटीची पहिली गाडी १९४८ साली पुणे-नगर रस्त्यावर धावली. बाई कंडक्टरची सवय आपल्याला केव्हाच झाली, पण एसटीच्या चालकाच्या जागेवर बाई बसली ती २०२३ साली, सासवड-नीरा रस्त्यावर. म्हणजे पंचाहत्तर वर्षांनी.

२०१६ च्या त्या रिक्षांना सरकारने अबोली रंग दिला. नाव फुलाचं आहे, पण 'अबोली' म्हणजे न बोलणारीही. आता रंग गुलाबी झालाय. २०२४ च्या अर्थसंकल्पात राज्य सरकारने दहा हजार बायकांना गुलाबी ई-रिक्षा देण्याची योजना जाहीर केली. किमतीच्या २० टक्के सरकारचं अनुदान, १० टक्के बाईने भरायचे आणि उरलेलं ७० टक्के बँकेचं कर्ज.

या रंगावरून आपल्यातच दोन मतं आहेत. काही मैत्रिणी म्हणतात, बायकांना वेगळा रंग देऊन बाजूला काढणं हेच मुळात चूक. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. वेगळ्या रंगाची गाडी स्टँडवर लांबून ओळखू येते आणि त्रास देणाऱ्यालाही ओळखू येते. पण मला वाटतं, रंगावर भांडताना आपण मोठा प्रश्न सोडून देतो. या योजनेत बाईला 'उद्योजिका' म्हटलंय. उद्योजिका म्हणजे जी धंद्याचे निर्णय घेते ती. मग निर्णय कुणाचे आहेत, ते तपासू या.

आधी पैशाचा हिशोब मांडू. समजा गाडी चार लाखांची आहे. अनुदान ८० हजार, बाईचा वाटा ४० हजार, कर्ज दोन लाख ८० हजार. दहा टक्के व्याज आणि पाच वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता सहा हजारांच्या आसपास जातो. महिन्यात पंचवीस दिवस गाडी रस्त्यावर राहिली तर रोजचे २४० रुपये आधी बँकेचे. त्यात चार्जिंग, विमा, टायर, दुरुस्ती अजून धरलेली नाही. पोर तापाने फणफणलं, सासूला दवाखान्यात न्यायचं आहे, पाळीत कंबर धरली आहे, म्हणून गाडी घरी राहिली तरी हप्ता थांबत नाही. शिवाय वाट्याचे ४० हजार बाई आणणार कुठून? बचतगटाचं कर्ज काढून, नाहीतर होतं नव्हतं ते मंगळसूत्र गहाण टाकून. म्हणजे धंदा सुरू होण्याआधीच डोक्यावर दोन कर्जं.

पुरुष रिक्षावाला हा ताण कसा सोसतो? तो बऱ्याचदा दिवसा स्वतः गाडी चालवतो आणि रात्रपाळीला दुसऱ्याला भाड्याने देतो. एकच गाडी दोन पाळ्यांत कमावते. 'ही गाडी बाईनेच चालवायची' या अटीमुळे बाईला ती सोय राहत नाही. पण म्हणून ही अट काढून टाका, असं मी म्हणणार नाही. ती काढली तर उद्या निम्म्या गाड्या नवऱ्याच्या नाहीतर दिराच्या हातात जातील आणि बाई कागदावरची मालकीण उरेल. अट राहू दे, पण दोन बायकांनी मिळून एक गाडी दोन पाळ्यांत चालवायची सोय योजनेतच हवी. तशी मागणी आपण करायला हवी.

दुसरा प्रश्न जागेचा. विजेवर चालणाऱ्या गाडीला परवाना लागत नाही, २०१८ पासून केंद्र सरकारने ती सूट दिली आहे. पण गाडी लावायला जागा आणि चार्जिंगला वीज लागते. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या बाईने वायर कुठून ओढायची? स्टँडवर नंबर कोण लावून देतं? तिथली वहिवाट ठरवतात वर्षानुवर्षं तिथे उभे राहणारे पुरुष. आणि लघवीला जायचं कुठे? मुंबईतल्या बायकांनी २०११ साली 'राइट टू पी' मोहीम सुरू केली, ती याच साध्या गरजेसाठी. दिवसभर पाणी न पिता रिक्षा चालवायची म्हणजे मूत्रविकार ठरलेलाच. सरकार गाडी देतं, पण मुतारी देत नाही!

आणि शेवटी पुन्हा तो कोड. नोंदणी, विमा, कर्ज सगळं बाईच्या नावावर असेल, पण रोजची कमाई दुसऱ्याच्या खात्यात जात असेल, तर हप्ता थकल्यावर नोटीस मात्र तिच्याच नावाने येणार. जबाबदारी तिची आणि अधिकार त्याचा, याला उद्योग म्हणत नाहीत. ही बिनपगारी ड्रायव्हरकी आहे.

"बायकांना हिशोब कळत नाही" हे उत्तर आपल्याला नेहमी मिळतं. म्हसवडच्या बायकांनी आपली बँक काढायचं ठरवलं तेव्हा, सभासद निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने आधी परवाना नाकारला. त्या बायका अक्षर शिकल्या, पुन्हा गेल्या आणि व्याजाचा हिशोब आम्ही तोंडी करून दाखवतो, असं त्यांनी अधिकाऱ्यांना सुनावलं. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. त्याआधी १९७४ साली अहमदाबादेत 'सेवा'च्या बायकांनी आपली बँक काढली होती. हिशोब बायकांना येतो. प्रश्न आहे तो वही त्यांच्या हातात देण्याचा.

म्हणून मैत्रिणींनो, गुलाबी गाडीला नाक मुरडून बाजूला होणं मला पटत नाही. भांडी घासून मिळतात त्यापेक्षा चार पैसे जास्त मिळतील, गाव-शहर पायाखाली येईल, या आशेने बायका या गाड्या घेताहेत. त्यांना एकटं सोडायचं का? आपल्या गटाच्या हद्दीत जिथे जिथे अशी गाडी आली आहे, तिथे आपण जाऊ. खातं आणि कोड तिच्याच नावाचा आहे ना, ते तिच्याबरोबर बसून पाहू. गाडी शिकवणाऱ्या वर्गात हप्ता, व्याज, विमा यांचाही तास लावायला भाग पाडू. आजारपण आणि बाळंतपणात हप्त्याला मुदत मिळावी, स्टँडजवळ चार्जिंग आणि स्वच्छतागृह असावं, यासाठी महापालिकेवर आणि बँकेवर मोर्चा नेऊ. रिक्षा संघटनांच्या कार्यकारिणीत बायका हव्यात, नुसत्या हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात नकोत.

त्या बैठकीनंतर दोन दिवसांनी ती मैत्रीण बँकेत गेली. बरोबर आमच्यातल्या दोघी होत्या. आता तिच्या गाडीत तिच्या खात्याचा कोड आहे. घरी वाद झाला, अजून धुसफुस चालू आहे. पण पैसे आले की आता तिचा फोन वाजतो.