अटकेच्या यादीतील नाव

अक्षय्यतृतीयेची पारणी आटोपून चार दिवस झाले असतील. एक परिचित गृहस्थ सकाळी पेढी उघडण्यापूर्वीच घरी आले. चहा नको म्हणाले, बसलेही नाहीत. खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. पडद्यावर पोलिसांच्या अटक आरोपींच्या यादीतील एका पानाचे छायाचित्र होते, २०१९ सालचे. एका ओळीखाली कुणीतरी लाल रेघ ओढली होती आणि त्या ओळीत त्यांच्या होऊ घातलेल्या व्याह्यांचे नाव होते. कन्येची सगाई तीन आठवड्यांवर आलेली. ते म्हणाले, “काकासाहेब, हे खरे आहे का? आणि खरे असेल तर आम्ही काय समजायचे?”

वकिलीत आयुष्य गेल्यामुळे असे प्रश्न माझ्याकडे येतात. पूर्वी ते वर्षातून एकदा येत, आता महिन्यातून एकदा येतात. कारण पूर्वी जी माहिती पोलीस ठाण्याच्या भिंतीवर राही, ती आता घरोघरी पोहोचते. म्हणून या वेळी या याद्यांविषयीच लिहीत आहे.

ही यादी सार्वजनिक का आहे, हे पुष्कळ सुशिक्षित माणसांनाही ठाऊक नसते. समाजाने अशा माणसांपासून सावध राहावे म्हणून सरकार ती प्रसिद्ध करते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. २६ ऑगस्ट १९८६ रोजी पश्चिम बंगालमधील एका कायदेविषयक साहाय्य संस्थेचे कार्याध्यक्ष डी. के. बसू यांनी पोलीस कोठडीत होणाऱ्या मृत्यूंविषयी सर्वोच्च न्यायालयाच्या सरन्यायाधीशांना एक पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले आणि १८ डिसेंबर १९९६ रोजी निकाल देऊन अटकेसंबंधी अकरा नियम घालून दिले. अटकेच्या वेळी पंचनाम्यासारखे एक टिपण करावे, त्यावर घरातील एखाद्या व्यक्तीची किंवा परिसरातील प्रतिष्ठित माणसाची साक्ष घ्यावी, नातलगांना कळवावे, आणि अटकेची खबर बारा तासांच्या आत नियंत्रण कक्षाला देऊन तेथील फलकावर ठळकपणे लावावी, असे ते नियम होते. माणूस कोठडीत गेला आणि कुणालाच पत्ता नाही, असे होऊ नये, हा त्यामागील हेतू. पुढे फौजदारी प्रक्रिया संहितेत ४१-क हे कलम घालून या फलकाला कायद्याचा आधार मिळाला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तीच तरतूद कलम ३७ मध्ये आहे. प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि जिल्ह्याच्या ठिकाणी, साहाय्यक उपनिरीक्षकाहून खालच्या दर्जाचा नसलेला एक अधिकारी या माहितीसाठी नेमायचा. अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि आरोपाचे स्वरूप ठळकपणे लावायचे, आणि ते संगणकीय स्वरूपातही चालेल, असे हे कलम सांगते.

म्हणजे तो फलक अटक झालेल्या माणसाच्या रक्षणासाठी टांगलेला आहे. रात्री बापाला शोधत निघालेल्या मुलाने तो वाचावा, ही अपेक्षा. आपण तो स्थळे पाहताना वाचू लागलो.

गुन्ह्याची प्रथम खबर, म्हणजे एफ.आय.आर., हे दुसरे कागदपत्र. ७ सप्टेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की नोंद झाल्यापासून चोवीस तासांच्या आत ती पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावी. संपर्काच्या अडचणी असलेल्या प्रदेशात ही मुदत जास्तीत जास्त बहात्तर तास. लैंगिक अत्याचार, बालकांवरील अत्याचार, दहशतवाद यांसारखी संवेदनशील प्रकरणे त्यातून वगळली आहेत. हा आदेशही मुख्यतः आरोपीसाठीच होता, आपल्यावर नेमका काय आळ आहे हे त्याला वेळेत कळावे म्हणून. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक संकेतस्थळावर जिल्हा, पोलीस ठाणे आणि तारखा दिल्या की प्रसिद्ध झालेल्या खबरी कुणालाही पाहता येतात.

आमच्या गृहस्थांना मी प्रथम एवढेच विचारले, की यादीतले वडिलांचे नाव आणि वय जुळते का. आपल्या समाजात शहा, बोरा, गांधी, कोठारी ही आडनावे तालुक्यागणिक आहेत, आणि आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल अनेक घरांत आहे. एकाच पेठेत एकाच नावाचे तीन व्यापारी मी पाहिलेले आहेत. टपालवालाही त्यांना दुकानाच्या नावावरून ओळखे. यादीवरून माणूस ओळखायचा तर नाव, वडिलांचे नाव, वय आणि पत्ता ही चारही अंगे जुळली पाहिजेत. इथे ती जुळत होती. माणूस तोच होता.

त्याच ओळीत पोलीस ठाण्याचे नाव, कलमे आणि गुन्हा रजिस्टर क्रमांक असतो. कागदावर तो ‘गु.र.नं.’ असा लिहिलेला आढळेल, पुढे आकडा आणि तिरप्या रेघेनंतर साल. छायाचित्र पाठवणाऱ्याने लाल रेघ नावाखाली ओढली होती. कामाचा आकडा मात्र त्याच्या शेजारीच, रेघेशिवाय होता. कलमे भारतीय दंडसंहितेची ४२० आणि ४०६, म्हणजे फसवणूक आणि विश्वासघात. नव्या भारतीय न्याय संहितेत यांचे क्रमांक ३१८(४) आणि ३१६(२) असे झाले आहेत. परंतु १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनेच आकडे लागतात, त्यामुळे पुढील काही वर्षे दोन्ही दिसत राहतील.

व्यापारी माणसाला हे समजावणे मला नेहमी सोपे जाते. पोलिसांची नोंद ही रोजमेळातली नोंद आहे. त्या दिवशी काय घडले, कुणी काय सांगितले, ते तिथे लिहिले जाते. त्यावरून पेढी नफ्यात की तोट्यात, हे कुणी ठरवीत नाही. त्यासाठी खातेवही पाहावी लागते आणि अखेरीस ताळेबंद. एफ.आय.आर.मध्ये फिर्यादीचे म्हणणे असते, अटकेच्या यादीत पोलिसांची त्या दिवशीची कृती असते, आणि ताळेबंद न्यायालयात तयार होतो. तो पोलिसांच्या यादीत नंतर कुणी लिहीत नाही. निर्दोष सुटलेल्याचे नाव २०१९ च्या त्या पानावर होते तसेच राहते.

न्यायालयातील ताळेबंद पाहण्याची सोयही आता आहे. ई-कोर्ट्स सेवेवर जिल्हा आणि न्यायालय निवडून पोलीस ठाणे, गुन्हा क्रमांक आणि साल दिले, तर त्या गुन्ह्यातून निघालेला खटला सापडतो. प्रत्येक खटल्याला अक्षरे व अंक मिळून सोळा स्थानांचा एक क्रमांक असतो. तो एकदा मिळाला की तारखा, आदेश, निकाल सारे त्यावरून पाहता येते. नावावरूनही शोध घेता येतो, पण तो बेभरवशाचा, कारण एकच आडनाव रोमन लिपीत तीन तऱ्हांनी लिहिले जाते. नियमित फौजदारी खटल्यापुढे आर.सी.सी. असे लिहिलेले दिसेल. एस.सी.सी. म्हणजे संक्षिप्त खटला. जिल्ह्याच्या न्यायालयांत चेक न वटल्याची पुष्कळ प्रकरणे या मथळ्याखाली असतात, आणि त्यांचा पोलिसांच्या यादीशी बहुधा काही संबंध नसतो, कारण ती फिर्याद थेट न्यायालयात केली जाते.

आमचा शोध रिकामा आला. क्रमांक बरोबर, ठाणे बरोबर, साल बरोबर, पण खटलाच नाही. गृहस्थांना वाटले, काहीतरी दडपले आहे. मला वेगळी शक्यता दिसत होती.

तपास संपल्यावर पोलीस एकतर आरोपपत्र दाखल करतात किंवा प्रकरण बंद करण्याचा अहवाल पाठवतात. आपल्या राज्यात या अहवालाला ‘समरी’ म्हणतात आणि तिचे अ, ब, क असे वर्ग आहेत. ‘अ’ म्हणजे गुन्हा खरा, पण छडा लागला नाही. ‘ब’ म्हणजे फिर्यादच द्वेषबुद्धीने केलेली आणि खोटी. ‘क’ म्हणजे वस्तुस्थितीच्या गैरसमजातून फिर्याद झाली, किंवा प्रकरण मुळात दिवाणी स्वरूपाचे आहे. फिर्यादीला आक्षेप घेण्याची संधी देऊन दंडाधिकारी हा अहवाल मान्य किंवा अमान्य करतात. व्यापाऱ्यांविरुद्धच्या किती फिर्यादी या तिसऱ्या खणात जाऊन पडतात, हे न्यायालयात वावरणाऱ्याला ठाऊक असते. माल उचलला, प्रतीवरून वाद झाला, बाकी अडली, तगादा लावून कंटाळलेला माणूस पोलिसांकडे गेला, आणि ४२० व ४०६ ही जोडकलमे एकत्र लागली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमके याच सवयीवर बोट ठेवले. फसवणुकीत हेतू आरंभापासून खोटा असावा लागतो. विश्वासघातात वस्तू आधी विश्वासाने सोपवलेली असावी लागते. एकाच व्यवहारात दोन्ही एकदम नांदू शकत नाहीत. आणि विकलेल्या मालाची किंमत थकली म्हणून विश्वासघात होत नाही, कारण विक्रीत माल सोपवलेला नसतो, विकलेला असतो.

मी गृहस्थांना म्हणालो, “आता व्याह्यांनाच विचारा.” त्यांना ते अत्यंत अवघड वाटले. यादी शोधणे, माझ्याकडे येणे, रात्र रात्र संकेतस्थळे धुंडाळणे त्यांना जमले होते. फोन उचलणे जमत नव्हते.

ते फोनची तयारी करीत असताना मी त्यांना यादीची दुसरी बाजूही सांगितली, कारण ती व्यापारात अधिक उपयोगी पडते. यादीत नाव नाही म्हणून माणूस स्वच्छ, असेही समजू नये. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेश कुमार प्रकरणात बजावले. नव्या संहितेच्या कलम ३५(३) प्रमाणे पोलीस हजर राहण्याची नोटीस देतात. अशा आरोपीवर खटला चालेल, कदाचित शिक्षाही होईल, पण अटकेच्या यादीत तो कधीच येणार नाही. वस्तू व सेवा कराच्या चोरीत अटक झाली, तर ती त्या खात्याचे अधिकारी कलम ६९ खाली करतात. पोलीस ठाण्याच्या यादीत ती शोधण्यात अर्थ नाही. तेव्हा भागीदार घेताना केवळ यादी पाहून निर्धास्त होणारा आणि स्थळ पाहताना केवळ यादी पाहून दचकणारा, दोघेही सारखेच फसतात. चारित्र्य पडताळणीचे प्रमाणपत्र ज्याचे त्याने स्वतः अर्ज करून घ्यायचे असते. नोकर किंवा भागीदार ठेवताना ते मागून घेणे हा सरळ मार्ग आहे, त्यात अपमान काहीच नाही.

आणखी एक गोष्ट. प्रतिक्रमणात आपण अठरा पापस्थानके म्हणतो. त्यांत अभ्याख्यान, पैशुन्य आणि परपरिवाद अशी तीन वेगवेगळी नावे आहेत: खोटा आळ घेणे, चहाडी करणे, दुसऱ्याची निंदा करीत फिरणे. माझ्या समजुतीप्रमाणे ही तीन वेगळी ठेवण्यात मोठी सूक्ष्मता आहे. लाल रेघेचे ते छायाचित्र पुढे पाठवणारा म्हणेल, मी खोटे काही सांगितले नाही, कागद सरकारी आहे. अभ्याख्यानातून तो कदाचित सुटेलही. उरलेल्या दोन्हींतून कसा सुटेल? भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ बदनामीचे आहे, आणि अटकेची नोंद दाखवून ‘हा माणूस लबाड आहे’ असे गटात लिहिणाऱ्याला ते विचारात घ्यावे लागेल. पण मी कलमापेक्षा पापस्थानकाचा उल्लेख आधी केला, कारण कलमाची भीती आपल्या घरांत अलीकडे कमीच वाटते.

फोन झाला. व्याही शांतपणे म्हणाले, “या, फाईल दाखवतो.” आम्ही दोघे गेलो. डाळीच्या मालाची बाकी, परगावचा पुरवठादार, तीन दिवस कोठडी, मग जामीन. शेवटचा कागद दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाची नक्कल होती: ‘क’ समरी मंजूर. दिवाणी दावा नंतर तडजोडीत मिटला होता आणि पैसे दिल्याची पावतीही जोडलेली होती. त्यांनी प्रत्येक कागद आमच्यापुढे सरळ करून ठेवला. मुलगा पलीकडच्या खोलीच्या दारात उभा होता.

गृहस्थ मनापासून ओशाळले, सगाईची तारीख पक्की करू म्हणाले. व्याह्यांनी हात जोडले. तोपर्यंत ती यादी त्यांच्याकडेही तीन वेगवेगळ्या गटांतून येऊन पोहोचली होती, एकदा तर त्यांच्या स्वतःच्या साडूकडून. आठ दिवसांनी मुलाकडून नकार आला.

यादी प्रथम कुणी पाठवली, ते अद्याप कळलेले नाही. गृहस्थांनी स्वतः ती ‘जरा बघा’ म्हणून दोन मेहुण्यांना पाठवली होती, एवढे त्यांनी मला नंतर सांगितले.