एक्झॉस्ट ब्रेकचा आवाज आणि मिस्त्रीची मजुरी

कापडाच्या धंद्यात आपण भाड्याचा, हमालीचा, आडतीचा पै-पैचा हिशेब ठेवतो. पण मालाच्या गाडीतून नको तो आवाज येऊ लागला की सगळा हिशेब बाजूला राहतो आणि शेठजींचा एकच हुकूम सुटतो, "उस्ताद, आवाज बंद करा, संध्याकाळी गाडी भरायची आहे." जळगाव-धुळ्याच्या गॅरेजांत हा हुकूम नवा नाही. पण आवाज एक्झॉस्ट ब्रेकचा असेल तर तो हुकूम धोक्याचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा चाक धरणारा ब्रेक नव्हे. इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाइपात एक झडप असते. ड्रायव्हरने बटण दाबले किंवा दांडी ओढली की बहुतेक गाड्यांत हवेच्या दाबाने ती झडप फिरते, धुराची वाट अडते, डिझेल तुटते आणि इंजिनच गाडीला मागे धरू लागते. त्या वेळचा भरलेला, घुमणारा आवाज हा बिघाड नाही. बटण सोडल्यावर किंवा ॲक्सिलरेटर दाबल्यावर तो थांबला पाहिजे, एवढेच. ट्रकांत हा ब्रेक सर्रास असतो, लहान पिकअपमध्ये पुष्कळदा नसतो. तेव्हा आपल्या गाडीत तो आहे की नाही, हे आधी विचारून घ्यावे. नसेल, तर शोध सायलेन्सरच्या जोडापासून सुरू करावा.

आता हा ब्रेक लागतो कशाला, ते आपले रस्तेच सांगतात. सुरतेहून साड्या घेऊन येताना कोंडाईबारीचा चढ लागतो, पण इकडून गठाणी भरून सुरतेला जाताना तोच उतार होतो. इंदूर-सेंधव्याकडून येणाऱ्या गाडीला बिजासन घाट उतरावा लागतो. लांब उतारावर ड्रायव्हर पाय ब्रेकवरच ठेवून बसला की ड्रम आणि लायनर तापतात, आणि मग पॅडल दाबूनही गाडी आवरत नाही. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यातील पळासनेरला मध्य प्रदेशाकडून आलेला कंटेनर ब्रेक निकामी होऊन हॉटेलात घुसला आणि किमान १० माणसे गेली. त्या गाडीच्या आत काय बिघडले होते यावर मी बोलणार नाही. पण ज्या घाटाच्या पायथ्याशी हे घडले, तिथून आपली माणसे आणि आपला माल रोज जातो. आवाज नको म्हणून ज्याने एक्झॉस्ट ब्रेकची वायर तोडून ठेवली, त्याने ड्रायव्हरचा एक आधार काढून घेतला.

वायर न तोडताही आवाजाचा माग लागतो. गाडी सपाट जागी उभी करावी, चाकांना गुटके लावावेत. हवेची टाकी भरली की इंजिन बंद करून कान द्यावा. सुस्स असा आवाज येत राहिला तर हवा कुठेतरी गळते आहे. नळी, सोलेनॉइड आणि झडप फिरवणारा सिलिंडर तपासावा. इंजिन चालू असता, बटण न दाबता ब्रेकचा आवाज येत असेल तर सोलेनॉइडचा जोड तेवढ्यापुरता काढून पाहावा. आवाज गेला तर दोष बहुधा विजेकडचा: वायर घासलेली, बटण अडकलेले, किंवा क्लच-ॲक्सिलरेटरखालचा स्विच सरकलेला. जोड काढूनही आवाज राहिला तर झडपच काजळीने अडकली असावी किंवा तिची स्प्रिंग गेली असावी. अशी गाडी चढाला ओढत नाही, काळा धूर टाकते, डिझेलही जास्त पिते. आणि ब्रेक लावल्यावरच फटफट वाढत असेल तर दाबाने पाइपाचे गॅस्केट फुंकते आहे असे समजावे. तपास झाला की काढलेला जोड परत बसवायचा. पुष्कळ ठिकाणी नेमके हेच राहून जाते!

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या आणि त्यांनी नवा घोळ घातला. त्यांच्या धुराच्या वाटेत काजळीची गाळणी असते. ती भरली की गाडी आपणहून ती जाळून साफ करते. त्या वेळी इंजिनाचा वेग थोडा वाढतो, आवाज जड होतो आणि काही गाड्यांत थेट एक्झॉस्ट ब्रेक लागल्यासारखे वाटते. हा दोष नाही. मीटरवर त्याचा दिवा असेल तर पाहावा आणि साफसफाई पुरी होईपर्यंत इंजिन बंद करू नये. मात्र गाळणीत उष्णता ६०० अंशांच्या आसपास जाते. म्हणून अशी गाडी कापसाच्या ढिगाजवळ किंवा वाळल्या गवतावर उभी ठेवू नये. आपल्या खानदेशात हे सांगावेच लागते.

एवढे सगळे पाहायला मिस्त्रीला तास-दोन तास लागतात आणि शेवटी निघते काय, तर एक सरकलेला स्विच. शेठजी म्हणतात, "पार्ट काहीच टाकला नाही, मग पैसे कशाचे?" येथेच आपले चुकते. पार्ट बदलला तरच मजुरी मिळणार असेल तर मिस्त्री पार्टच बदलेल, किंवा दोन मिनिटांत वायर तोडून मोकळा होईल. कापडाचा पोत बोटाने ओळखणाऱ्याच्या पारखीला बाजारात किंमत आहे. मग आवाज कानाने ओळखणाऱ्या कारागिराच्या हुनराला का नसावी? वैद्याला आपण नाडी पाहण्याचे पैसे देतोच ना?

मिस्त्रींनीही एक गोष्ट पाळावी. काय तपासले, काय काढले आणि काय परत बसवले, हे बिलावर लिहून द्यावे. ड्रायव्हरचे म्हणणे शेठजींच्या फोनवरून न घेता समोर बसवून ऐकावे. आवाज थंड इंजिनाला येतो की तापल्यावर, उतारावर की हॉर्न दाबल्यावर, क्लच दाबला की थांबतो का, हे त्यालाच ठाऊक असते.

धुळे आणि जळगावच्या व्यापारी बंधूंनी आपल्या नेहमीच्या गॅरेजवाल्यांशी बसून तपासणीची मजुरी पार्टच्या मजुरीपासून वेगळी ठरवावी, अशी माझी सूचना आहे. लग्नसराईचा माल सुरू झाला की गाड्यांची रांग लागते आणि मग कोणालाच बोलायला सवड नसते. हा दर त्याआधी ठरावा.