बंड्याची कंबर

परवा सोसायटीच्या फाटकापाशी शेजारच्या काकूंनी मला अडवलं. "अहो, कुत्र्याला खायला घालता की नाही? कसा वाळलाय बिचारा!" बिचारा त्या वेळी काकूंच्या पिशवीतल्या मेथीच्या जुडीकडे अशा नजरेने बघत होता, की माझ्या बाजूने साक्ष देण्यात त्याला काडीचाही रस नव्हता.

बंड्या लॅब्रडॉर आहे. वय १४ महिने, वजन ३० किलो. वजन करायची आमची पद्धत म्हणजे त्याला उचलून घेऊन मीच काट्यावर उभं राहायचं आणि मग स्वतःचं वजन वजा करायचं. या पद्धतीत बंड्याचं वजन कळतंच, पण जे कळायला नको तेही दर महिन्याला कळतं.

पिल्लू घ्यायला गेलो तेव्हा विकणाऱ्याने मोबाइलवर त्याच्या बापाचा फोटो दाखवला होता. "हेवी बोन आहे साहेब, पंच फेस! पंचेचाळीस किलो!" कणीदार तुपाविषयी बोलावं तसा तो बोलत होता, आणि मीही भुललो. घरी येऊन पाहिलं तर अमेरिकन केनेल क्लबच्या मापात नर लॅब्रडॉर २९ ते ३६ किलोंचा, मादी २५ ते ३२ किलोंची. गोल्डन रिट्रीव्हरचा नरही ३४ किलोंच्या आतच. मुळात या कुत्र्यांचं काम काय, तर पाण्यात उडी मारायची आणि पडलेलं बदक तोंडात धरून आणायचं. लॅबचे पूर्वज तर न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर होडीत असायचे. पंचेचाळीस किलोंचं ओलं कुत्रं होडीत परत चढवायचं म्हणजे कोळ्यांनी मासे कधी पकडायचे?

पण आपल्याकडे पिल्लू गुटगुटीत असलं की घर सुखी. बंड्या चार महिन्यांचा असताना 'हाडं मजबूत होतील' म्हणून मीही कॅल्शियमचं टॉनिक आणलं. डॉक्टरांनी बाटली बघितली आणि टेबलाच्या त्यांच्या बाजूला ठेवून दिली, ती परत दिलीच नाही. पिल्लांसाठीच्या तयार खाण्यात लागेल तेवढं कॅल्शियम असतंच, आणि लहान पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं नाकारता येत नाही. आलं त्यातलं बरंचसं आत. मोठ्या जातीच्या पिल्लांची हाडं त्यानेच बिघडतात. मजबूत करायला गेलो होतो!

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती वाढीच्या वेगाची. लॅब सहा महिन्यांतच मोठेपणीच्या वजनाच्या दोन तृतीयांशापर्यंत पोचतो, पण हाडांच्या टोकांची वाढीची कूर्चा पक्की व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं. मधल्या काळात त्या कच्च्या सांध्यांवर चरबी लादली, की खुब्याच्या दोषाचा आनुवंशिक कल असेल तर तो बळावतो. भरपूर खाऊ घातल्याने कुत्रं शेवटी अधिक उंच होत नाही. उंची आईबापांनी ठरवलेली असते. आपण फक्त तिथे घाईने पोचवतो.

प्युरिना कंपनीचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. ४८ लॅब्रडॉर, त्यांच्या एकाच वेतातल्या भावंडांच्या जोड्या. एकाला जेवढं खाणं, त्याच्या तीन चतुर्थांश दुसऱ्याला, तेही जन्मभर. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य १३ वर्षं भरलं, दुसऱ्यांचं ११.२. सांधेदुखीही बरीच उशिरा आली. कुत्र्यांचं खाणं विकणाऱ्या कंपनीने 'कमी घाला' हे सिद्ध करावं, याचं मला फार कौतुक वाटतं.

हे सगळं मी आईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पोळीचा शेवटचा तुकडा टेबलाखाली सोडला. वर "मेला हावरट आहे" असंही त्यालाच म्हणाली. इथे मात्र मला बंड्याची बाजू घ्यावी लागली. केंब्रिजमध्ये एलिनॉर रॅफन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं, की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. 'पोट भरलं' हा निरोप मेंदूपर्यंत धड पोचतच नाही. गंमत म्हणजे अंधांना सोबत करणाऱ्या, मदतनीस म्हणून निवडलेल्या लॅबमध्ये हा दोष कितीतरी जास्त आढळला. खाऊसाठी काहीही शिकायला तयार असणारं कुत्रं हुशारच दिसणार. बंड्याची तपासणी आम्ही केलेली नाही, पण मेथीकडे तसं बघणाऱ्या कुत्र्याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. "म्हणजे त्याला खरंच भूक लागते?" आईने विचारलं, आणि माझ्या ध्यानात आलं की मी चुकीच्या माणसाला चुकीची माहिती दिली. त्या रात्री दोन तुकडे खाली गेले. आता पोळीची अर्धी चतकोर सकाळीच वेगळी काढतो, तेवढं त्याच्या वाटीतलं कमी करतो, आणि द्यायचा मान आईचा.

तर, काकू. त्यांना मी डॉक्टरांनी शिकवलेली खूण दाखवली. आपला हात पसरून त्या हाताच्या पाठीवरून, म्हणजे पंजाच्या मागच्या बाजूवरून, बोटं फिरवायची. हाडं पटकन लागतात, पण टोचत नाहीत. कुत्र्याच्या बरगड्या हाताला तशा लागल्या पाहिजेत. मूठ वळून त्याच्या गाठींवर बोट फिरवलं तसं लागलं, तर कुत्रं खरंच वाळलंय. अंगठ्याखालच्या गादीसारखं लागलं, तर खाणं कमी करा. शिवाय वरून बघितलं की कंबर दिसली पाहिजे.

काकूंनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली, आधी स्वतःचा पंजा चाचपला, मग बंड्याची बरगडी. बंड्याने तेवढ्यात मेथीचं एक पान मिळवलं.

"हं, लागतात खऱ्या," त्या म्हणाल्या. मग क्षणभर थांबून, आवाज खाली आणून, "आमच्या ह्यांच्या नाही हो लागत."