विद्यार्थ्याचा विषय व शेतकऱ्याचे दोन गुंठे

शेतकरी कुटुंबांतील मुलें-मुली आतां मोठ्या संख्येनें महाविद्यालयांत शिकूं लागलीं आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. शिक्षणाच्या अखेरच्या वर्षीं त्यांस पुष्कळदां एखादा प्रश्न स्वतंत्रपणें हातीं घेऊन त्यावर संशोधन करावें लागतें व तें लिहून द्यावें लागतें. विषय कोणता घ्यावा या विवंचनेंत मूल घरीं येतें आणि वडिलांस विचारतें. वडील बहुधा "तुझ्या गुरुजींना विचार" असें म्हणून मोकळे होतात. या बाबतींत आम्हां शेतकऱ्यांचें कांहीं कर्तव्य आहे, असें मला वाटतें. व तें मीं स्वतः एकदां चुकविलें असल्यामुळें त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे. मी विद्वान नाहीं. माझें शिक्षण मराठी शाळेंत झालें व नोकरीचीं वर्षें महसूल खात्याच्या दप्तरांत आंकडे उतरण्यांत गेलीं. परंतु आंकडा खरा केव्हां असतो आणि नुसता दिसण्यापुरता केव्हां असतो, हें त्या दप्तरानें मला शिकविलें; तेवढ्याच अधिकारानें हें लिहीत आहें.

मुलांनीं निवडलेले विषय पाहिले तर ते बहुतेक फार मोठे असतात. "हवामानबदल व भारतीय शेती", "सेंद्रिय शेतीचें भवितव्य", "ग्रामीण अर्थव्यवस्थेपुढील आव्हानें". विषय वाईट नाहींत. पण ज्याच्या हातीं एक हंगाम, एक वही व एक सायकल आहे, त्यानें सबंध भारताच्या हवामानाचें काय मोजावें? मग तो दुसऱ्यांचें लिहिलेलें गोळा करतो, त्याची बांधीव प्रत तयार होते, तिच्यावर सोनेरी अक्षरें उमटतात, आणि ती कपाटांत जाते. आजकाल तर यंत्रास प्रश्न घातला कीं पन्नास पानांचा मजकूर घटकाभरांत हातीं पडतो. तेव्हां दुसऱ्याचें उतरून काढण्यास जी थोडीफार किंमत होती, तीही आतां उरली नाहीं. विद्यार्थ्यानें स्वतः मोजलेला आंकडा मात्र कोणतेंही यंत्र घरबसल्या देऊं शकत नाहीं. विषय निवडतांना हेंच सूत्र धरावें, असें माझें मत आहे.

आतां माझी चूक सांगतों. माझ्या धाकट्या बंधूंची मुलगी शेतकीचें शिक्षण घेत होती. आमच्या घरीं गव्हास युरियाचे तीन हप्ते देण्याचा रिवाज आहे. पेरणीच्या वेळीं निम्में नत्र व पुढें तीन आठवड्यांनीं पाण्याबरोबर उरलेलें, हें तिला शिकविलेलें होतें. मग गहूं निसवतांना आपण तिसरा हप्ता टाकतों त्यानें दाण्याचें वजन वाढतें, कीं नुसती पात हिरवी दिसते व पीक लोळतें, असा प्रश्न तिच्या मनांत आला. गुरुजींनीं विषय पसंत केला. तिनें वडिलांजवळ दोन गुंठे मागितले. बंधूंनीं साफ नकार दिला. रस्त्याकडेच्या शेतांत पिंवळे पट्टे दिसले तर लोक हंसतील, असें त्यांचें म्हणणें. मुलगी माझ्याकडे आली व म्हणाली, "काका, बाबा तुमचा शब्द मोडत नाहींत, तुम्हीच सांगा ना त्यांना." मीं सांगितलें नाहीं. उलट, "पोरी, पीक हा कांहीं खेळ नव्हे, पुस्तकांतला एखादा विषय घे," असा उपदेश केला. तिनें तो ऐकला. तिचें पुस्तक माझ्याकडे आहे. छपाई सुरेख आहे, पण त्यांत आमच्या गांवचा एकही आंकडा नाहीं. आणि तिसऱ्या हप्त्यानें वजन वाढतें कीं नाहीं, हें आजही आमच्या घरांत कोणासच ठाऊक नाहीं. युरियाचीं पोतीं मात्र दरसाल येतात.

पुढें वाचनांत आलें कीं, आम्ही ज्यास हंसण्यासारखें समजलों, त्यावरच शेतकीच्या शास्त्राची उभारणी झालेली आहे. इंग्लंडांत रोथॅमस्टेड येथें जॉन बेनेट लॉज नांवाच्या जमीनदारानें १८४३ सालीं आपल्या शेतांत गव्हाचे पट्टे पाडून प्रत्येकास निरनिराळें खत देण्यास आरंभ केला, आणि एका पट्ट्यास कांहींच दिलें नाहीं. तो बिनखताचा पट्टा आजही तसाच राखलेला आहे. विशेष हें कीं, लॉज स्वतः सुपरफॉस्फेट तयार करून विकणारा होता. खत विकणाऱ्यानें आपल्याच जमिनींत बिनखताची पट्टी ठेवली, कारण तिच्यावांचून खताचा गुण कळण्याचें दुसरें साधन नाहीं, हें तो जाणून होता. पुढें १९१९ सालीं त्याच ठिकाणीं रोनाल्ड फिशर हे गणिती आले. कोणत्या तुकड्यास कोणता उपचार द्यावा हें मनानें न ठरवितां चिठ्ठ्या टाकून ठरवावें, व एकाच तुकड्यावर न विसंबतां तोच उपचार अनेक तुकड्यांवर करावा, हा दंडक त्यांनीं घालून दिला. विहिरीजवळचा कसदार तुकडा आपल्या आवडत्या खतास देण्याचा मोह कोणास होत नाहीं?

हीच गोष्ट माझ्या खात्यांतही घडलेली आहे. पूर्वीं गांवचें पीक किती आणे आलें हें नजरेनें ठरे. मीही नोकरींत नजरअंदाज पैसेवारीचे तक्ते उतरले आहेत. पैसेवारी ५० पैशांच्या आंत कीं वर, यावर गांवच्या सवलती अवलंबून असत, म्हणून त्या नजरेवर कितीकांच्या नजरा असत, हें वाचकांस सांगावयास नको. "एका शेतांत खरोखर किती पिकतें?" हा प्रश्न वरवर किती साधा! पण विनायक गोविंद पानसे व सातारा जिल्ह्यांत जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे या दोघां संशोधकांनीं १९४०च्या दशकांत तोच हातीं घेतला. चिठ्ठीनें शेत निवडावें, त्यांत चिठ्ठीनेंच जागा ठरवावी, ठरीव मापाचा तुकडा आंखून त्यांतील पीक कापावें व तोलावें, ही पीक कापणी प्रयोगाची पद्धत देशांत रूढ होण्यास त्यांचें काम कारणीभूत झालें. प्रश्न साधा होता म्हणून काम लहान झालें नाहीं.

केवळ विद्वानांसच हें साधतें असेंही नाहीं. चंद्रपूर जिल्ह्यांतील नांदेड या गांवचे दादाजी खोब्रागडे हे अल्पशिक्षित व अल्पभूधारक शेतकरी. १९८३ सालीं आपल्या धानांत त्यांस तीन लोंब्या निराळ्या दिसल्या. दुसरा कोणी त्या तशाच झोडून मोकळा झाला असता. त्यांनीं त्या वेगळ्या ठेविल्या, पुढच्या हंगामीं वेगळ्या पेरल्या, व वर्षानुवर्षें निवड करीत राहिले. त्यांतूनच एच.एम.टी. या नांवानें प्रसिद्ध झालेला तांदूळ निघाला. २०१८ सालीं ते वारले; परंतु तो तांदूळ लाखों घरीं शिजला आहे.

यावरून विषय पारखण्याच्या चार कसोट्या मला सुचतात. पहिली, विषय हा प्रश्न असावा व तो एका वाक्यांत मांडतां यावा. "कांद्याची साठवण" हा विषय नव्हे, "चाळींत भरलेल्या शंभर किलो कांद्यांतून दर महिन्यास किती किलो घटतो?" हा विषय होय. दुसरी, उत्तर स्वतःच्या हातानें मोजतां यावें. तराजू, टेप व वही एवढ्या साधनांत भागावें. तिसरी, काम एका हंगामांत बसावें. पीक विद्यार्थ्याच्या परीक्षेसाठीं थांबत नाहीं. म्हणून रब्बीचा प्रश्न दसऱ्यापूर्वींच ठरला पाहिजे. चौथी, व मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी, उत्तर कोणास तरी खरोखर हवें असावें, आणि तें "होय" येईल कीं "नाहीं" हें आधीं ठाऊक नसावें. ज्याचें उत्तर आधींच ठरलेलें आहे तो प्रश्न नव्हे. ती आरती होय.

असे प्रश्न आपल्या बांधावर पडलेले आहेत. घरच्या सोयाबीनच्या बियाण्याचे शंभर दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवावे व किती उगवले तें मोजावें. प्रमाणित बियाण्यास निदान ७० टक्के उगवण लागते. मग गांवांतील वीस घरांचें बियाणें तपासलें, तें कोणी कसें मळलें व कोठें ठेविलें हें लिहून घेतलें, तर उगवण कोठें व कां बिघडते हें पेरणीपूर्वींच समजूं लागेल. शिवारांतील विहिरींचें पाणी दर आठवड्यास दोरीनें मोजावें. सातबाऱ्यावर लिहिलेलें पीक व शेतांत उभें असलेलें पीक पन्नास गटांत ताडून पाहावें; हें काम मी स्वतः आनंदानें दाखवून देईन.

कोणी म्हणेल, अशा लहान प्रश्नांनीं मुलाची दृष्टि लहान होईल. मोठे प्रश्न मग कोणी सोडवावे? आक्षेप रास्त आहे. पण मोठा प्रश्न लहान मोजमापांच्याच पायरीनें चढतां येतो. ज्यानें एका विहिरीचें पाणी वर्षभर मोजलें, त्यास जिल्ह्याच्या भूजलाचा अहवाल वाचतांना कोणता आंकडा संशयास्पद आहे हें कळतें. ज्यानें कांहींच मोजलें नाहीं, त्यास सगळेच आंकडे सारखे.

राहतां राहिला नुकसानीचा प्रश्न. त्याचा हिशेब मीं उशिरा केला, तो असा. एकरीं १६ क्विंटल गहूं येतो असें धरलें तर गुंठ्यास ४० किलो पडतो. दोन गुंठ्यांचे आठ सारखे तुकडे पाडून चिठ्ठ्यांनीं चारांस तिसरा हप्ता दिला व चारांस दिला नाहीं, तर हप्त्यावांचून राहणारी जमीन एक गुंठा. तेथें चौथाई पीक घटलें तरी तोटा १० किलो गव्हाचा. एवढ्यासाठीं मीं त्या मुलीचा प्रश्न मोडला. खरी भीति तोट्याची नव्हतीच. तिसरा हप्ता व्यर्थ ठरला तर इतकीं वर्षें आपण पैसा पाण्यांत घातला हें पोरीच्या वहींत लिहिलें जाईल, ही भीति होती. ती आम्हां वडीलधाऱ्यांनीं टाकली पाहिजे. आपला रिवाज खोटा ठरला तर पैसा वांचेल, खरा ठरला तर खात्री होईल. दोन्ही बाजूंनीं लाभच आहे.

म्हणून सभासद बंधुभगिनींस माझी नम्र विनंती आहे कीं, विषय मुलानेंच निवडावा. तो त्यांनीं त्याच्यासाठीं निवडूं नये. परंतु त्यानें प्रश्न आणला तर त्यास दोन गुंठे जमीन, घरचा तराजू व आपल्या जुन्या वह्या द्याव्यात, आणि उत्तर कसेंही आलें तरी रागावूं नये. येत्या रब्बीस मीं माझ्या विहिरीखालील दोन गुंठे याकरितां राखून ठेविले आहेत. बंधूंची ती मुलगी आतां नोकरीस आहे. तिला मीं पत्र लिहून कळविलें आहे कीं, तुझा प्रश्न अजून तसाच आहे, सवड काढून ये आणि चिठ्ठ्या तूंच टाक. तिचें उत्तर आलें आहे. पेरणीस ती येणार आहे.