नकाशाची परीक्षा शिवारातच व्हावी

मेहकर तालुक्यातील डोणगावच्या परिसरात सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक घेतात. सोयाबीन दिवाळीच्या आसपास निघते, तूर पुढे पौषापर्यंत उभी राहते. आणि सोयाबीनच्या ऐन वाढीच्या दिवसांत आकाश ढगांनी झाकलेले असते. उपग्रहाने या शेताची नोंद कोणत्या पिकाखाली करावयाची? प्रश्न वरकरणी तांत्रिक आहे. परंतु शेतकऱ्याची भरपाई त्याच्याशी जोडली गेली आहे. पंतप्रधान पीक विमा योजनेत २०२३ पासून भात व गव्हासाठी आणि २०२४ पासून सोयाबीनसाठी उत्पादनाच्या अंदाजात उपग्रहाधारित पद्धतीला किमान ३० टक्के भार देण्याचे केंद्र सरकारने ठरविले. आधी पीकच चुकीचे ओळखले, तर पुढचे सारे गणित चुकते.

नकाशाची अचूकता बहुधा एकाच टक्केवारीत सांगितली जाते. ही टक्केवारी फसवी असू शकते. समजा, १०० ठिकाणांपैकी ९० शेतीची व १० गायरानाची आहेत. नकाशाने सर्वांनाच शेती म्हटले तरी तो ९० टक्के अचूक ठरतो. गायरान मात्र समूळ नाहीसे होते. त्यावर शेळ्या चारणाऱ्या भूमिहीनाची दाद त्या टक्केवारीत कोठेच लागत नाही.

पडताळणीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशी २००६ साली प्रसिद्ध झाल्या, तेव्हा जगाच्या नकाशांतील एक ठिपका साधारणतः एक किलोमीटर बाजूचा असे. आज तो दहा मीटरचा, म्हणजे सुमारे एका गुंठ्याचा झाला आहे. नकाशा बांधापर्यंत पोहोचला. कसोट्याही तेथवर पोहोचल्या पाहिजेत. तपासणीची ठिकाणे सोयीने नव्हे, यदृच्छ नमुन्याने निवडावीत. नकाशा तयार करताना वापरलेली ठिकाणे पुन्हा तपासणीस घेऊ नयेत. प्रत्येक वर्गाची चूक स्वतंत्रपणे जाहीर व्हावी. आणि जेथे नकाशावरून पैसा वाटावयाचा, तेथे त्या भागापुरती पडताळणी व्हावी.

ही दृष्टी आपल्याला परकी नाही. १९४० च्या दशकात पां. वा. सुखात्मे यांनी यदृच्छ नमुन्यावर आधारलेल्या पीक कापणी प्रयोगांची शास्त्रीय घडी बसविली, तिच्यामागे हेच तत्त्व होते. उपग्रह हा श्रमिकांचा शत्रू नव्हे. तपासणीवाचून त्याच्या नावे होणारा निर्णय अन्याय्य आहे. म्हणून नकाशा व त्यातील चुकांचा तक्ता मराठीत ग्रामसभेपुढे ठेवावा, हरकतींची शिवारात जाऊन चौकशी व्हावी आणि त्यानंतरच भरपाई ठरावी, ही मागणी कार्यकर्त्यांनी गावोगावी लावून धरली पाहिजे.